दिसत नाही, पण कोड ऐकू येतो

क्वीन्सलँड म्हटलं की आपल्याकडच्या मंडळींना गोल्ड कोस्टचा समुद्र आठवतो, नाहीतर २०२१ च्या जानेवारीत गॅबाच्या मैदानावर आपण जिंकलेली ती कसोटी. मी गेली आठ वर्षं ब्रिस्बेनमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम करते. माझ्यासारख्या कॉम्प्युटरवाल्यांनी या राज्याची आणखी एक ओळख लक्षात ठेवायला हवी. जगभरातले असंख्य अंध लोक ज्या मोफत सॉफ्टवेअरच्या आधाराने कॉम्प्युटर वापरतात, ते एनव्हीडीए इथल्या दोन तरुणांनी तयार केलं. आणि ते दोघंही स्वतः अंध आहेत.

हा विषय आज काढायला एक कारण आहे. गेल्या वर्षी दहावीचा निकाल लागल्यावर सांगलीहून माझ्या मावसभावाचा फोन आला. त्याच्या मुलीला चांगले मार्क मिळाले होते. तिला डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. आत्ता थोडं दिसतं, पण नजर हळूहळू कमी होत जाणार असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मुलगी म्हणत होती, कॉम्प्युटर शिकायचंय. घरच्यांचं मत होतं की आर्ट्सला जावं आणि पुढे डी.एड. करावं, नाहीतर बँकेच्या परीक्षा द्याव्यात. भाऊ म्हणाला, "ताई, तू त्याच लाइनमध्ये आहेस. तूच समजाव तिला. दिसत नसेल तर कॉम्प्युटर करणार कसा?"

त्याचा प्रश्न मायेपोटीच होता. पण त्याचं उत्तर त्याला वाटत होतं ते नव्हतं. त्याला फोनवर जे सांगितलं आणि त्यानंतर जी माहिती गोळा केली, ती इथे देते आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरात, नात्यात, शेजारी असं एखादं मूल असतंच.

कोड म्हणजे शेवटी मजकूर

आमच्या टीममध्ये तीन वर्षांपासून एक अंध सहकारी आहे. त्याच्या टेबलावर मॉनिटर नाही. कीबोर्ड, लॅपटॉप आणि एका कानात हेडफोन. दुसरा कान आमच्याशी बोलायला मोकळा. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. तो ते इतक्या वेगाने चालवतो की मला त्यातला एक शब्द कळत नाही. माऊस तो वापरतच नाही, सगळं कीबोर्डवरून.

कोड लिहायला चित्रं लागत नाहीत. ती अक्षरं, आकडे आणि चिन्हं असतात आणि ती ओळीने वाचता येतात. म्हणूनच नीट साधनं मिळाली तर प्रोग्रॅमिंग हा अंध माणसाला जमण्यासारख्या व्यवसायांपैकी एक आहे. पायथनसारख्या भाषेत ओळ किती आत सरकवली आहे यावर अर्थ ठरतो. मग ते न बघता कसं कळणार? एनव्हीडीएमध्ये त्यासाठी सूर आहेत. ओळ जितकी आत, तितका सूर वर चढतो. विंडोज, फाइली, ब्राउझर आणि आजचे बरेचसे कोड एडिटर स्क्रीन रीडरने वापरता येतात.

एकदा आम्ही तिघं जण एका चुकीवर अर्धा दिवस डोकं फोडत होतो. एका नावात कॅपिटल आय ऐवजी स्मॉल एल पडला होता. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. याने ती ओळ एकदा ऐकली आणि म्हणाला, "हे नाव वेगळं ऐकू येतंय." अंध लोकांना काही जादूची शक्ती असते असं मला म्हणायचं नाही. कानाने वाचताना काही गोष्टी अवघड जातात आणि काही सोप्या होतात, इतकंच.

अवघड काय जातं, तेही सांगते. फ्लोचार्ट आणि डेटा स्ट्रक्चरच्या आकृत्या. स्कॅन केलेल्या नोट्सची पीडीएफ, जी कॉम्प्युटरच्या लेखी नुसता फोटो असते. लहान मुलांना शिकवताना वापरतात ते रंगीत ठोकळे ओढून जोडण्याचे प्रोग्रॅम. आणि फळ्याकडे बोट दाखवून "हे इथून असं इकडे येतं" म्हणणारे सर. या यादीत मुलाच्या बुद्धीशी संबंधित काहीच नाही. सगळं शिकवण्याच्या साहित्याशी आणि सवयीशी संबंधित आहे, आणि ते बदलता येतं.

परवडत नाही, मग आपणच बनवू

आता त्या क्वीन्सलँडच्या दोघांकडे येते. मायकल करन आणि जेम्स टेह. लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात त्यांची ओळख झाली. पुढे दोघंही कॉम्प्युटरकडे वळले. तेव्हा चांगला स्क्रीन रीडर विकत घ्यायचा तर हजार डॉलरहून जास्त पैसे पडायचे. म्हणजे बऱ्याचदा कॉम्प्युटरपेक्षा त्याला बोलकं करणारं सॉफ्टवेअर महाग. डोळस माणूस कॉम्प्युटर विकत घेतो आणि वापरायला लागतो. अंध माणसाने तेच करण्यासाठी वेगळी किंमत का मोजायची, हा त्यांचा साधा प्रश्न होता.

२००६ साली करनने पायथनमध्ये स्वतःचा स्क्रीन रीडर लिहायला घेतला. टेह त्याला येऊन मिळाला. २००७ साली दोघांनी एनव्ही अॅक्सेस नावाची ना-नफा संस्था काढली. एनव्हीडीए मोफत आहे आणि त्याचा कोडही सगळ्यांना खुला आहे. जगभरातल्या स्वयंसेवकांनी त्याची पन्नासच्या वर भाषांत भाषांतरं केली. त्याच्यासोबत येणारा ई-स्पीक हा आवाज मराठीही वाचतो. थोडा यंत्रासारखा वाटतो, पण वाचतो. आज एनव्हीडीए जगातल्या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या स्क्रीन रीडरपैकी एक आहे. सांगलीतल्या मुलीलाही तो फुकट मिळतो, अटलांटातल्या मुलालाही.

पुण्याच्या वाडिया कॉलेजातून

हे सगळं परदेशातच होतं असं कोणी म्हणेल. म्हणून पुण्याची गोष्ट सांगते, आणि ती याहून जुनी आहे. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ साली पुण्यात झाला. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. त्यांनी नौरोसजी वाडिया कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. केलं. भाऊ आणि मदतनीस त्यांना पुस्तकं आणि गणितं वाचून दाखवत. पुढे आयआयटी मुंबईत गणित आणि कॉम्प्युटर सायन्सचं पदव्युत्तर शिक्षण, आणि मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी. तिथे त्यांनी गणिताची समीकरणं कानाला समजतील अशी वाचून दाखवणारी अॅस्टर नावाची यंत्रणा बनवली. त्या प्रबंधाला १९९४ साली एसीएम या कॉम्प्युटरशास्त्रातल्या नामवंत संस्थेचा सर्वोत्कृष्ट प्रबंधाचा पुरस्कार मिळाला. नंतर त्यांनी ईमॅकस्पीक हे बोलणारं कामाचं वातावरण तयार केलं, अॅडोबी आणि आयबीएममध्ये काम केलं आणि २००५ साली गुगलमध्ये गेले.

रामन यांचं उदाहरण ऐकून घरचे म्हणतात, "अहो, ते असामान्य होते." होतेच. पण आपल्या चिनूला किंवा पिंकीला इंजिनिअरिंगला घालताना आपण ती रामानुजन आहे का असं विचारतो का? साधी, मेहनती, पासष्ट टक्क्यांची मुलंसुद्धा इंजिनिअर होतात, नोकरीला लागतात, घराचे हप्ते फेडतात. दिव्यांग मुलालाच आधी असामान्य असल्याचं सिद्ध का करावं लागावं? माझा सहकारीही काही पुरस्कारविजेता नाही. तो एक चांगला, नियमित काम करणारा इंजिनिअर आहे. मला त्याचंच महत्त्व जास्त वाटतं.

एका माणसाने ऑलिंपिकला कोर्टात खेचलं

ऑस्ट्रेलियात हे आपोआप घडलं असंही नाही. इथे १९९२ सालचा अपंगत्वावरून भेदभाव रोखणारा कायदा आहे. तो वेबसाइटलाही लागू होतो, हे सिद्ध करायला एका माणसाला भांडावं लागलं. ब्रूस मॅग्वायर जन्मापासून अंध, आणि बोटाखाली ब्रेल उमटवणाऱ्या उपकरणावर कॉम्प्युटर वापरणारे. १९९९ साली त्यांनी सिडनी ऑलिंपिकच्या आयोजन समितीविरुद्ध मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. मागण्या साध्या होत्या. वेबसाइटवरच्या चित्रांना शब्दांत वर्णन जोडा, वेळापत्रकावरून खेळांच्या यादीकडे जाता येऊ द्या आणि निकालाचे तक्ते वाचता येतील असे करा.

समितीचं म्हणणं, याला वीस लाख डॉलरहून जास्त खर्च येईल, ते अवास्तव आहे. तज्ज्ञांनी साक्ष दिली की इतका खर्च येत नाही, आणि सुरुवातीपासून नीट केलं असतं तर तो अगदीच किरकोळ असता. २४ ऑगस्ट २००० रोजी निकाल मॅग्वायर यांच्या बाजूने लागला. स्पर्धा सप्टेंबरमध्ये सुरू होणार होत्या. समितीने सुधारणा अर्धवटच केल्या, आणि नोव्हेंबरमध्ये तिला वीस हजार डॉलर भरपाई द्यायला लावली गेली. वेबसाइट अंध व्यक्तीला वापरता येत नाही म्हणून निकाल लागलेल्या जगातल्या अगदी पहिल्या प्रकरणांपैकी हे एक. आमच्या क्षेत्रात आजही त्याचा दाखला देतात. सोय नंतर ठिगळासारखी लावायला महाग पडते, आधीपासून केली की जवळजवळ फुकट असते.

विद्यापीठात काय मिळतं, काय नाही

शिक्षणासाठी इथे २००५ सालचे वेगळे नियम आहेत. त्यातला कळीचा शब्द म्हणजे रिझनेबल अॅडजस्टमेंट, म्हणजे विद्यार्थ्याला बरोबरीने शिकता यावं म्हणून वाजवी बदल. प्रत्येक विद्यापीठात त्यासाठी एक विभाग असतो. विद्यार्थी तिथे वैद्यकीय कागदपत्रं देतो, बोलणी होतात आणि त्याच्यासाठी काय बदल करायचे याचं पत्र प्राध्यापकांना जातं. त्यात आजाराचं नाव लिहायची गरज नसते. परीक्षेला जादा वेळ, वेगळी खोली, वाचता येतील अशा नोट्स, सांकेतिक भाषेचे दुभाषी, असं काहीही गरजेप्रमाणे. हे परदेशी विद्यार्थ्यांनाही लागू आहे.

मी इथे मास्टर्स करत होते तेव्हा वर्गात एक कर्णबधिर मुलगा होता. त्याच्यासाठी ऑस्लान, म्हणजे इथल्या सांकेतिक भाषेचे दोन दुभाषी समोर बसायचे आणि आलटून पालटून काम करायचे. त्याच्यामुळे लेक्चरच्या रेकॉर्डिंगला सबटायटल आले. त्याचा सगळ्यात जास्त फायदा कोणाला झाला माहितीये? आम्हा नव्या आलेल्या भारतीयांना. ऑस्ट्रेलियन उच्चार कानात बसेपर्यंत आम्ही सगळे त्या सबटायटलवरच जगलो.

नोकरीतही काही चांगले उपक्रम आहेत. एचपीने सुरू केलेला आणि आता डीएक्ससी कंपनी चालवत असलेला डँडेलियन कार्यक्रम स्वमग्न तरुणांना टेस्टिंग, डेटा, सायबर सुरक्षा अशा कामांत घेतो. नेहमीच्या मुलाखतीत डोळ्याला डोळा भिडवून बोलता आलं नाही म्हणून बाद होणारी मुलं प्रत्यक्ष कामात उत्तम ठरतात, हा त्यामागचा विचार.

पण इथे सगळं आलबेल आहे असं चित्र मला उभं करायचं नाही. माझ्या सहकाऱ्याने आमच्याकडे येण्याआधी एका कंपनीची ऑनलाइन चाचणी दिली. ती माऊसशिवाय पुढे सरकतच नव्हती आणि वरून घड्याळ चालू. त्याचा कोड कोणी तपासलाच नाही, तो आधीच नापास. आणि आपल्यासारख्यांच्या जिव्हारी लागणारी गोष्ट वेगळीच आहे. भेदभावविरोधी कायद्यातून इमिग्रेशनचा कायदा वगळलेला आहे. कुटुंबातल्या एखाद्याच्या आजारपणावर किंवा अपंगत्वावर सरकारचा किती खर्च होईल याचा हिशेब मांडून परमनंट रेसिडेन्सी नाकारली जाऊ शकते. एनडीआयएस ही सरकारी अपंगत्व योजनाही विद्यार्थी व्हिसावर मिळत नाही. दिव्यांग मूल घेऊन इथे यायचा विचार असेल तर लाखो रुपये भरण्याआधी नोंदणीकृत मायग्रेशन एजंटशी स्पष्ट बोलून घ्या.

आपल्याकडे कायदा आहे, अडतं कुठे?

भारतात २०१६ सालचा दिव्यांग हक्क कायदा आहे. आधीच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते एकवीस झाले. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. केंद्र सरकारच्या २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये परीक्षेला तासामागे किमान वीस मिनिटं जादा वेळ आणि पेपर कॉम्प्युटरवर लिहिण्याचा पर्याय, दोन्ही दिले होते. हे फार महत्त्वाचं आहे, कारण प्रोग्रॅमिंगचा पेपर लेखनिकाकडून लिहून घेणं म्हणजे शिक्षाच. त्या बिचाऱ्याला कंस आणि सेमिकोलन कुठे द्यायचा ते काय कळणार? आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं.

कागदावर उत्तम. पण अडतं ते प्रवेशाच्या खिडकीवर. भाचीला एका कॉलेजात विचारलं, "प्रॅक्टिकल कसं करणार? पडली-बिडली तर जबाबदारी कोणाची?" पालकांकडून तसं लिहून मागितलं. भावाने लिहून दिलं नाही, दुसऱ्या कॉलेजात गेला. तिथल्या मॅडमनी एवढंच विचारलं, "हिला काय लागेल ते सांगा." तिथे ती सायन्सला आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही तासभर बसतो. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर एनव्हीडीए टाकला. आधी दोन महिने नुसतं टायपिंग, मग पायथन. नजर अजून थोडी आहे तोवर डोळे ताणत बसण्यापेक्षा कानाची सवय लागावी म्हणून ती पडदा बंद करूनच बसते. गणिताच्या आकृत्या अजून अडतात. त्यावर काम चालू आहे.

यातली एक अडचण अस्सल मराठी आहे. एनव्हीडीए मराठी वाचतो, पण मजकूर युनिकोडमध्ये असेल तरच. जुन्या मराठी फाँटमध्ये पडद्यावर छान देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात भलतीच इंग्रजी अक्षरं. त्यामुळे स्क्रीन रीडर अगम्य काहीतरी बडबडतो. क्लासच्या नोट्स, शाळेची परिपत्रकं, जुने दिवाळी अंक, कितीतरी मजकूर याच अवस्थेत आहे. कितीतरी ई-पेपरची पानं म्हणजे नुसता फोटो असतो. आणि आपण परदेशातले मराठी लोक तरी काय करतो? मंडळाच्या गणेशोत्सवाचं आमंत्रण व्हॉट्सअॅपवर रंगीत चित्र म्हणून पाठवतो. तारीख, हॉल, जेवणाचं कूपन, सगळं त्या चित्रात. अंध सभासदाला ऐकू येतं फक्त "इमेज".

आपल्याला काय करता येईल

मोठ्या गोष्टी सोडा. हाताशी असलेल्या काही सांगते.

घरात किंवा नात्यात अंध किंवा अल्पदृष्टी मूल असेल तर दहावीची वाट बघू नका. जुना लॅपटॉप द्या, एनव्हीडीए टाका, टायपिंग शिकवा. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातलं एक्सआरसीव्हीसी हे केंद्र २००३ पासून या क्षेत्रात काम करतंय, तिथे चौकशी करा. दिव्यांग ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, वेळेत काढा. परीक्षेच्या सवलतींसाठी वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. तोंडी आश्वासनावर राहू नका.

ऑस्ट्रेलियात शिकायला येणार असाल तर ऑफर लेटर आल्याबरोबर विद्यापीठाच्या त्या विभागाला ई-मेल करा. आपल्याकडची मुलं "कशाला सांगायचं" म्हणून गप्प बसतात आणि पहिल्या सेमिस्टरमध्ये दमतात. डिस्लेक्सिया, एडीएचडी, दीर्घ आजार, मानसिक त्रास, हे सगळं त्यात येतं. मागणं म्हणजे भीक नव्हे, तो नियम आहे.

आणि आपण आयटीवाले. आज आपापल्या कंपनीचं एखादं पान उघडा, माऊस बाजूला ठेवा आणि फक्त टॅबच्या बटणावर ते शेवटपर्यंत वापरून बघा. अडलात की समजा, तिथे कोणीतरी रोज अडतंय. एनव्हीडीए टाकून डोळे मिटून पंधरा मिनिटं बसलात तर आणखी कळेल. मुलाखती घेत असाल तर उमेदवाराला आधीच विचारा, "तुम्हाला काही वेगळी सोय लागेल का?" सगळ्यांनाच विचारा, म्हणजे कोणाला वेगळं पाडल्यासारखं होत नाही. मीटिंगमध्ये "ही ओळ बघा" म्हणू नका, "ओळ बेचाळीस" म्हणा. आमच्या टीमला ही सवय लागली आणि फोनवरून जोडलेल्या सगळ्यांचीच सोय झाली.

मंडळाच्या आमंत्रणाचं म्हणाल तर चित्राखाली तोच मजकूर टाइप करून टाका. दोन मिनिटं लागतात. ब्रिस्बेनमधल्या आमच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर आता तसं सुरू झालंय. पहिल्यांदा टाकलं त्या दिवशी एका काकांचा मेसेज आला, "बरं झालं, चष्मा सापडत नव्हता."